लपवलेल्या बातम्या पुन्हा दिसायला लागतात तेव्हा: यूजरस्क्रिप्टच्या गाळणीची दुरुस्ती

घरात झालेल्या एका अपघातानंतर आईला अपघाताच्या बातम्या वाचवेनाशा झाल्या. बातम्या वाचणं मात्र तिला सोडायचं नव्हतं, आणि तिनं ते सोडावं असं मलाही वाटत नव्हतं. म्हणून ती रोज जे वृत्तस्थळ उघडते त्याच्यासाठी मी एक छोटी यूजरस्क्रिप्ट, म्हणजे आपल्या ब्राउझरमध्ये त्या साइटच्या पानावर चालणारा स्वतःचा प्रोग्राम, लिहिली. मथळ्यात ‘अपघात’ दिसला की त्या बातमीचं कार्ड, म्हणजे मथळा-फोटोचा चौकोन, लपवायचं, एवढंच पंधरा-वीस ओळींचं काम. तीन आठवडे सुरळीत गेले आणि एके सकाळी पानाच्या अगदी वर, मोठ्या फोटोसकट, नेमकी तशीच बातमी. मी घाईघाईनं दुरुस्ती केली. महिन्याभरात पुन्हा तेच.

अशी दुरुस्ती मी पाच वेळा केली. दर वेळी वाटायचं की साइटनं रचना बदलली असणार. पाचातल्या दोनच वेळा ते खरं निघालं. उरलेल्या तिन्ही वेळा साइट होती तशीच होती, माझी गाळणीच चुकीच्या जागी टेकवलेली होती. तुमचा विषय वेगळा असेल, क्रिकेट असेल, निवडणुका असतील, तारेतारकांची लग्नं असतील. पण स्क्रिप्ट ‘अधूनमधून बंद पडते’ असं वाटत असेल तर कारणं बहुतेक याच चार-पाचांपैकी आहेत.

आधी बिघाड कुठे आहे ते बघा

बातमी निसटली की पहिला हात जातो शब्दांच्या यादीकडे. आणखी चार शब्द घालायचे, पान रिफ्रेश करायचं, तरीही बातमी दिसतेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. स्क्रिप्टला एकापाठोपाठ तीन कामं करायची असतात: आधी मुळात चालू व्हायचं, मग पानावरचे मथळे आणि त्यांची कार्डं शोधायची, मग शब्द जुळवायचे. यातलं कुठलं काम अडलं हे कळल्याशिवाय काही बदलू नका.

त्यासाठी स्क्रिप्टच्या शेवटी ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे स्क्रिप्टचे निरोप जिथे दिसतात तिथे, एक ओळ छापून घ्या: किती मथळे सापडले, किती कार्डं सापडली, किती लपवली. मग एफ१२ दाबून कन्सोल उघडा आणि ती ओळ वाचा. ओळच आली नसेल तर स्क्रिप्ट चाललेलीच नाही. ‘मथळे ०’ असेल तर सिलेक्टर, म्हणजे पानावरचा भाग शोधायची खूण, चुकला. ‘मथळे ४६, कार्डं ४६, लपवली ०’ असं असेल आणि नकोशी बातमी डोळ्यांसमोर असेल तर शब्द जुळत नाहीत. आकडे बरोबर आहेत पण बातमी दोन सेकंदांनी उगवते, असं असेल तर ती स्क्रिप्ट चालून गेल्यावर आली. या एका ओळीनं माझे जितके तास वाचवले तितके दुसऱ्या कशानंच नाही. ती कायमची ठेवा, काम झालं म्हणून काढून टाकू नका.

स्क्रिप्ट चालतच नसेल तर

सध्या सर्वांत जास्त लोक इथे अडकतात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते. यूजरस्क्रिप्ट चालवायला ब्राउझरला एक जोड, म्हणजे एक्स्टेन्शन, लागतं; क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या नियमांची (मॅनिफेस्टची) तिसरी आवृत्ती आल्यापासून टॅम्परमंकीसारख्या एक्स्टेन्शनला यूजरस्क्रिप्ट चालवण्याची वेगळी परवानगी द्यावी लागते. क्रोम १३८ पासून ही परवानगी त्या एक्स्टेन्शनच्या तपशिलाच्या पानावर ‘अलाऊ यूजर स्क्रिप्ट्स’ या बटणानं देतात. त्याआधीच्या आवृत्त्यांत एक्स्टेन्शनच्या पानावरचा डेव्हलपर मोड चालू करावा लागायचा. ब्राउझर आपोआप अपडेट होतो, परवानगी मात्र आपणहून चालू होत नाही, आणि काल चालणारी स्क्रिप्ट आज गप्प बसते. स्क्रिप्ट व्यवस्थित दिसते, तिच्यासमोर हिरवी खूणही असते, तरी कन्सोलमध्ये काहीच येत नाही. असं दिसलं की आधी इथे बघा.

नेटवरून घेतलेली जुनी स्क्रिप्ट फायरफॉक्सवर ग्रीसमंकी या तशाच एक्स्टेन्शनमध्ये चालत नसेल तर कारण वेगळं. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आला, त्याच सुमाराला ग्रीसमंकीची चौथी आवृत्ती आली आणि तिनं बरीच जुनी फंक्शन्स बदलली किंवा काढली. त्यांत पानाला स्वतःचे सजावटीचे नियम जोडणारं ‘जीएम ॲडस्टाइल’ होतं, आणि बातम्या लपवणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट नेमक्या त्यावरच उभ्या असायच्या. तीच स्क्रिप्ट व्हायोलेंटमंकी या दुसऱ्या एक्स्टेन्शनमध्ये टाकली तर बहुधा चालते.

तिसरी गोष्ट पत्त्याची. स्क्रिप्टच्या डोक्यावरच्या ‘मॅच’ ओळीत तुम्ही फक्त मुखपृष्ठाचा पत्ता दिला असेल तर गोची होते. आजची बरीच वृत्तस्थळं दुव्यावर क्लिक केल्यावर पान नव्यानं उघडत नाहीत. ती पुशस्टेट ही ब्राउझरची सोय वापरून वरचा पत्ता बदलतात आणि आतला मजकूर तेवढा नवा आणतात. म्हणजे तुम्ही एखाद्या बातमीच्या पानावरून सुरुवात केली आणि तिथून मुखपृष्ठावर आलात, तर ब्राउझरच्या लेखी अजून पहिलंच पान चालू असतं आणि मुखपृष्ठाची स्क्रिप्ट कधी लागतच नाही. याची खूण सोपी आहे: रिफ्रेश केल्यावर गाळणी चालते, क्लिक करून आल्यावर चालत नाही. ‘मॅच’मध्ये पूर्ण साइट द्या, ताऱ्याच्या खुणेनं (*) सगळे उपडोमेन घ्या, आणि कुठल्या पानावर काय करायचं ते स्क्रिप्टच्या आत ठरवा.

फोनबद्दल थोडक्यात. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत, तिथे वेळ घालवू नका. अँड्रॉइडच्या फायरफॉक्सनं डिसेंबर २०२३ पासून एक्स्टेन्शनची दारं सगळ्यांसाठी उघडली आहेत, तिथे हीच स्क्रिप्ट जशीच्या तशी चालते.

कार्डाचं नाव धरू नका, मथळा धरा

माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये कार्ड शोधायला क्लासचं, म्हणजे साइटनं पानातल्या त्या प्रकारच्या भागांना दिलेलं, नाव वापरलं होतं. पानाची रचना दाखवणारा ब्राउझरचा इन्स्पेक्टर उघडला, कार्डावर गेले, क्लास दिसला, उचलला. त्या नावाच्या शेपटाला पाच-सहा अक्षरांचं काहीतरी अगम्य होतं. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही. ही शेपटं साइट तयार करणारी साधनं आपोआप चिकटवतात, आणि साइटनं नवी आवृत्ती चढवली की ती बदलू शकतात. पान दिसायला तसंच राहतं, नावं बदलतात, गाळणीच्या हाती काही लागत नाही. माझ्या पाचातल्या दोन बिघाडांचं कारण हेच.

बातम्यांच्या पानावर बदलत नाहीत अशा गोष्टी मोजक्याच. मथळा असतो, मथळ्याला दुवा असतो, दुव्याचा पत्ता त्या बातमीचा असतो. म्हणून आता माझी स्क्रिप्ट उलटी चालते. ती आधी दुवे शोधते, ज्यांचा पत्ता त्याच साइटचा आहे आणि ज्यांच्या मजकुरात निदान चार शब्द आहेत. ‘मुखपृष्ठ’, ‘क्रीडा’, ‘आणखी वाचा’ हे चार शब्दांच्या अटीतच गळतात. मग त्या दुव्यापासून एकेक पायरी वर, म्हणजे त्याला वेढणाऱ्या पुढच्या मोठ्या डब्याकडे, चढायचं. दर पायरीला विचारायचं: या डब्यात वेगळ्या पत्त्याचा दुसरा मथळा आहे का? आहे असं पहिल्यांदा उत्तर आलं की तिथेच थांबायचं आणि त्याच्या खालचा डबा म्हणजे आपलं कार्ड. क्लास कुठलाही असो, टॅग कुठलाही असो, कार्ड म्हणजे एकाच बातमीला धरून बसलेला सर्वांत मोठा डबा. आपला डोळाही कार्ड असंच ओळखतो, म्हणून ही व्याख्या टिकते.

यात दोन खाचा आहेत. एखाद्या विभागात एकच बातमी असेल तर चढता चढता स्क्रिप्ट अख्खा विभाग, कधी अख्खं पानच कार्ड समजते. म्हणून ‘मेन’, ‘सेक्शन’ आणि ‘बॉडी’ या टॅगांशी सक्तीनं थांबवा आणि सहा पायऱ्यांच्या वर जाऊ देऊ नका. दुसरं, मोठ्या बातमीच्या कार्डातच खाली ‘संबंधित बातम्या’ असतील तर चढण लवकर थांबते, मथळा लपतो आणि फोटो उरतो. फोटोलाही बहुधा त्याच पत्त्याचा दुवा असतो. तेव्हा एक मथळा नकोसा ठरला की त्याच पत्त्याचे पानावरचे सगळे दुवे धरा.

एखादा विभागच्या विभाग नको असेल, म्हणजे क्रीडा नको किंवा मनोरंजन नको, तर यातलं काहीही करू नका. बातमीच्या पत्त्यात विभागाचं नाव बहुधा असतंच. ‘ज्या कार्डाच्या आत अशा पत्त्याचा दुवा आहे ते लपव’ हे सीएसएसच्या (पानाच्या सजावटीच्या भाषेच्या) ‘हॅज’ सिलेक्टरनं एका ओळीत होतं. सफारीत तो मार्च २०२२ पासून, क्रोममध्ये ऑगस्ट २०२२ पासून आणि फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३ पासून चालतो. मथळ्यातल्या एखाद-दुसऱ्या ठाम शब्दावर भागत असेल तर यूब्लॉक ओरिजिन या जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनमध्ये ‘हॅज-टेक्स्ट’ आहे. स्क्रिप्ट लिहायची ती विषय शब्दांच्या मिश्रणावरूनच ओळखू येत असेल तेव्हा.

बातमी नंतर येते, किंवा जागा बदलते

स्क्रिप्ट एकदाच चालते, पान मात्र दिवसभर बदलत असतं. खाली सरकलं की नवी कार्डं येतात, वर ‘ताज्या बातम्या’ची पट्टी फिरते. यावर म्यूटेशनऑब्झर्व्हर, म्हणजे पानात बदल झाला की स्क्रिप्टला कळवणारी ब्राउझरची सोय, हा सर्वांना माहीत असलेला उपाय आहे, आणि तो बरोबरच आहे. पण त्याच्याबरोबर तीन चुका मी केल्या, त्या सांगते.

पहिली चूक, कार्ड काढून टाकणं. ‘रिमूव्ह’ लिहायला सोपं, पण रिॲक्टसारख्या साधनानं बांधलेली साइट पानाची एक प्रत स्वतःच्या स्मरणात ठेवते. नंतर तिला तेच कार्ड हलवायचं असतं, ते जागेवर नसतं, आणि ‘रिमूव्हचाइल्ड’ची चूक कन्सोलमध्ये लाल अक्षरांत येते. नशीब वाईट असेल तर पूर्ण पान पांढरं होतं. कार्ड काढू नका, लपवा. लपवायलाही क्लास जोडू नका, कारण साइट कार्ड पुन्हा रंगवते तेव्हा क्लासची पूर्ण ओळ नव्यानं लिहिली जाऊ शकते आणि तुमचा क्लास पुसला जातो. ‘डेटा’नं सुरू होणारं स्वतःचं ॲट्रिब्यूट, म्हणजे त्या भागावरची एक नोंद, लावा. साइटला ते माहीतच नसतं, त्यामुळे ती त्याला हात लावत नाही.

दुसरी चूक सापडायला मला आठवडा लागला. मी तपासलेल्या कार्डावर ‘तपासलं’ अशी खूण करत होते, म्हणजे पुन्हा तपासायला नको. एक दिवस दिसलं की पावसाची साधी बातमी लपली आहे आणि तिच्या शेजारी अपघाताची बातमी उघडी आहे. साइट जुनीच कार्डं पुन्हा वापरत होती! डबा तोच, आतला मथळा नवा. माझी खूण डब्याला चिकटलेली होती, बातमीला नाही. आता दर तपासणीला निर्णय दोन्ही बाजूंनी होतो: नकोशी असेल तर ॲट्रिब्यूट लाव, नसेल तर काढ. आणि ऑब्झर्व्हरला ‘चाइल्डलिस्ट’ आणि ‘सबट्री’बरोबर ‘कॅरेक्टरडेटा’ही सांगितला आहे, कारण कधीकधी डबाही बदलत नाही, फक्त अक्षरं बदलतात. ‘ॲट्रिब्यूट्स’ मात्र बघायला सांगू नका. स्क्रिप्ट स्वतःच ॲट्रिब्यूट लावते, मग स्वतःलाच जागं करते, आणि पंखा फिरायला लागतो.

तिसरी चूक उशिराची. पानावर ताण नको म्हणून मी बदल दिसल्यावर ३०० मिलिसेकंद थांबून तपासणी करत होते. तेवढ्या वेळात फोटो झळकून जायचा. क्रिकेटचा स्कोअर असता तर चाललं असतं, पण ज्याच्यासाठी ही गाळणी आहे त्याला तो एक क्षणच टाळायचा असतो. म्यूटेशनऑब्झर्व्हरचं काम पान पुढच्या वेळी रंगवण्याआधी होतं. म्हणजे न थांबता तिथल्या तिथे तपासलं तर कार्ड दिसण्याआधीच लपतं. ताण कमी करायचा असेल तर थांबू नका, फक्त जेवढं बदललं तेवढंच तपासा.

पान पहिल्यांदा उघडतानाचा झळकाही असाच टाळता येतो. यूजरस्क्रिप्ट सहसा पान तयार झाल्यावर चालते. तिला ‘रन-ॲट’मध्ये ‘डॉक्युमेंट-स्टार्ट’ सांगा, आणि पहिली तपासणी होईपर्यंत ‘मेन’ची दृश्यता बंद ठेवा. पण स्क्रिप्ट मध्येच अडली तर पान कायमचं कोरं राहील, म्हणून त्याच सीएसएसमध्ये दीड सेकंदानं दृश्यता परत आणणारं ॲनिमेशन लावून ठेवा. तिथे ‘इम्पॉर्टंट’ ही इतर नियमांवर मात करणारी खूण लिहू नका. इम्पॉर्टंटपुढे ॲनिमेशनचं चालत नाही, आणि सुटकेचा दरवाजाच बंद होतो.

आयफ्रेममधली, म्हणजे पानात बसवलेल्या दुसऱ्या पानातली, कार्डं सापडत नसतील तर त्या आयफ्रेमचा पत्ताही ‘मॅच’मध्ये घाला. शॅडो डॉममधली, म्हणजे साइटनं बाकी पानापासून वेगळ्या ठेवलेल्या भागातली, सापडत नसतील तर तो उघडा आहे का बघा. उघडा असेल तर शॅडोरूटमधून आत जाता येतं, बंद असेल तर साध्या मार्गानं नाही.

शब्द: खरी अडचण इथे आहे

वरची सगळी दुरुस्ती कुठल्याही भाषेतल्या साइटला लागू आहे. मराठी मथळ्यांची दुखणी वेगळी, आणि ती कुठल्याच तयार स्क्रिप्टमध्ये हाताळलेली मला दिसली नाहीत.

मी यादीत ‘मृत’ घातला आणि अमृत नावाच्या योजनेच्या बातम्या गेल्या. तारेतारकांच्या लग्नांना कंटाळलेल्या मैत्रिणीनं ‘लग्न’ घातला आणि विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांच्या बातम्या गेल्या. ‘ठार’मुळे धान्याचं कोठार गेलं. ‘वाद’ घालून बघा, संवाद आणि अनुवाद दोन्ही जातील. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. मग माणूस रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (शब्द शोधायच्या साच्यात) शब्दाची सीमा दाखवणारं बॅकस्लॅश-बी लावतो, आणि एकदम काहीच लपेनासं होतं. याचं कारण जावास्क्रिप्टच्या लेखी शब्दातलं अक्षर म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अधोरेषा. देवनागरीतला ‘म’ तिला मोकळ्या जागेसारखाच वाटतो. दोन्ही बाजूंना तिच्या मते शब्द नाहीच, मग सीमा कुठली?

उपाय असा: मथळ्याचे शब्द स्वतः तोडा, आणि प्रत्येक शब्द यादीतल्या शब्दानं सुरू होतो का एवढंच बघा. सुरुवात जुळवायची, शेवट मोकळा ठेवायचा, कारण आपले प्रत्यय सगळे मागे लागतात. ‘अपघात’ दिला की अपघातात, अपघाताने, अपघाती, अपघातग्रस्त सगळे येतात. ‘मृत’नं मृतदेह आणि मृतांची येतात, अमृत सुटतं.

शब्द तोडताना युनिकोडचे, म्हणजे सर्व लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाचे, अक्षरवर्ग वापरायचे, ते २०१८ पासून जावास्क्रिप्टच्या प्रमाणात आहेत. फक्त अक्षरांचा वर्ग ‘एल’ घेतलात तर फसाल. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे युनिकोडच्या दृष्टीनं अक्षर नाहीत, चिन्हं आहेत, आणि त्यांचा वर्ग ‘एम’. फक्त ‘एल’वर तोडलं तर ‘अपघात’चे ‘अपघ’ आणि ‘त’ असे दोन तुकडे पडतात, आणि यादीतला शब्द कधीच सापडत नाही. एल, एम आणि आकड्यांचा एन हे तिन्ही एकत्र धरा. बाकी जे काही असेल तिथे तोडा.

आता ज्यानं मला सर्वांत जास्त छळलं ते. ‘मारेकऱ्यांना अटक’ हा मथळा माझ्या यादीत शब्द असूनही सुटला. कन्सोलमध्ये दोन्ही शब्द शेजारी छापले. अगदी सारखे. लांबी छापली तर एक १२, दुसरा १३. हा आपला वेलांटीसारखा वळणारा अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एकात यू+०९३१ (हा युनिकोडमधला क्रमांक) हा नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक, यू+२००डी. कीबोर्ड बदलला की रूप बदलतं, म्हणून एकाच साइटवर एका वार्ताहराचा मथळा जुळतो आणि दुसऱ्याचा निसटतो. ‘अधूनमधून चालत नाही’ या तक्रारीचं माझ्याकडचं सर्वांत मोठं कारण हेच निघालं. शेतकऱ्यांच्या, कर्मचाऱ्यांच्या, अधिकाऱ्यांच्या, वाऱ्याच्या, किती मथळ्यांत हा र येतो ते बघा.

म्हणून जुळवण्याआधी मथळा आणि यादी दोन्ही एकाच साच्यातून काढायची. आधी जावास्क्रिप्टच्या ‘नॉर्मलाइज’ला एनएफसी, म्हणजे सुटी चिन्हं जोडून एक अक्षर करणारी पद्धत, सांगा, म्हणजे र आणि सुटा नुक्ता असं कुणी लिहिलं असेल तर त्याचाही ऱ होतो. मग न दिसणारी चिन्हं काढा: यू+२००डी, यू+२००सी आणि मऊ संयोगरेषा यू+००एडी. मग प्रत्येक ऱ चा र करा. यानंतरच शब्द तोडा. हा क्रम चुकवू नका. जोडक हे अक्षरही नाही आणि चिन्हही नाही, त्यामुळे आधी तोडलं तर शब्द नेमका तिथे चिरतो. या साच्यात ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एक होतात हे खरं आहे. वाचनासाठी ते चालणार नाही, गाळणीसाठी चालतं.

‘ॲ’चंही असंच. यू+०९७२ हे स्वतंत्र अक्षर आहे, पण बरेच जण अ वर चंद्र ठेवतात, आणि काही जण ऍ लिहितात. एनएफसी यांना एक करत नाही, हाताने करावं लागतं. तिन्हींचं एकच रूप करून टाका, नाहीतर ‘ॲम्ब्युलन्स’ तीन वेळा यादीत घालावं लागेल.

राहिलं सामान्यरूप. ‘खून’ यादीत आहे आणि मथळा ‘खुनाचा उलगडा’. ‘निवडणूक’ आहे आणि मथळा ‘निवडणुकीत’. ऊ ऱ्हस्व झाला की सुरुवात जुळत नाही. मी साच्यात दीर्घ ई-ऊ आणि त्यांच्या वेलांट्या-उकार सरसकट ऱ्हस्व करते. दिन आणि दीन एक होतात, होऊ देत. उलट मथळ्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुकाही त्यात आपोआप सामावतात.

एवढं केल्यावर शब्द जुळतात, पण अर्थ जुळतोच असं नाही. अपघाताच्या मथळ्यात ‘अपघात’ हा शब्द पुष्कळदा नसतोच. ‘ट्रकची दुचाकीला धडक, दोघे ठार’, ‘बस दरीत कोसळली’. म्हणून ‘धडक’ घातला, तर ‘उपांत्य फेरीत धडक’ गेलं. ‘कोसळ’ घातला, तर शेअर बाजार कोसळल्याची बातमी गेली. इथे एकेका शब्दाला दोष देऊन उपयोग नाही, शब्दांची जोडी बघावी लागते. माझ्याकडे आता दोन याद्या आहेत. पहिलीतला एक शब्दही पुरतो: अपघात, चिरड, मृतदेह. दुसरीतले निदान दोन लागतात: धडक, कोसळ, ठार, जखमी, ट्रक, दुचाकी, दरी, महामार्ग. ‘फेरीत धडक’मध्ये एकच येतो, सुटतो. ‘ट्रकची धडक’मध्ये दोन येतात, लपतो. परिपूर्ण नाही, पण यात रोजचा घोळ जवळजवळ थांबला.

आणि तिसरी यादी, सोडून द्यायच्या शब्दांची. ती एका चुकीतून आली. अपघात विम्याच्या नियमांविषयी एक बातमी त्या काळात आली होती. आम्हाला तेव्हा तिची नितांत गरज होती. गाळणीनं ती गिळली. आम्हाला ती कळली महिन्यानंतर, एका परिचितांकडून. ‘विमा’, ‘भरपाई’, ‘नियम’ यांपैकी काही मथळ्यात असेल तर कार्ड आता लपत नाही.

काय लपवलं ते दिसू द्या

त्या बातमीनंतर मी लपवण्याची पद्धतच बदलली. कार्ड नाहीसं होत नाही, आतला सगळा मजकूर झाकला जातो आणि जागी एक बारीक राखाडी पट्टी उरते: ‘लपवलं: धडक, ट्रक’. कुठल्या शब्दांमुळे लपलं ते पट्टीवरच असतं, त्यामुळे चुकीची जुळणी लगेच ध्यानात येते. पट्टी सीएसएसच्या ‘बिफोर’नं काढली आहे आणि मजकूर त्याच डेटा-ॲट्रिब्यूटमधून उचलते, म्हणजे पानात नवा डबा घालावा लागत नाही आणि ऑब्झर्व्हरही जागा होत नाही. पट्टीवर क्लिक केलं की कार्ड उघडतं. कार्ड स्वतःच दुवा असेल तर क्लिक कॅप्चरच्या टप्प्यातच, म्हणजे दुव्यापर्यंत पोहोचण्याआधीच, अडवा, नाहीतर पट्टी उघडण्याऐवजी बातमीच उघडेल.

पट्टीचा एक वेगळाच फायदा झाला. खाली सरकताना आपोआप बातम्या आणणाऱ्या पानावर कार्डं पूर्ण नाहीशी केली तर पानाचा तळ सतत डोळ्यांसमोर राहतो, साइटला वाटतं वाचक तळाशी पोहोचला, आणि ती बातम्या आणतच राहते. निवडणुकीच्या दिवसांत निवडणुका गाळणाऱ्याला हे हमखास भेटतं. पट्टीनं थोडी उंची टिकते आणि ही धाव आटोक्यात राहते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. व्हिडिओच्या रांगेत मथळा पुष्कळदा चित्रावरच छापलेला असतो, खाली मजकुरात फक्त ‘पाहा व्हिडिओ’. चित्रातली अक्षरं स्क्रिप्टला वाचता येत नाहीत, आणि चित्राच्या पर्यायी मजकुरात बहुतेक वेळा काही नसतं. आईच्या ब्राउझरमध्ये मी ती रांग पूर्ण झाकली आहे, जागी फक्त पट्टी ठेवली आहे. पट्टीवर लिहिलं आहे: ‘व्हिडिओ, तपासता आले नाहीत’.